छताचा लाइट बदलायचाय? आधी वायरी ओळखा

हॉलमधली जुनी ट्यूब काढून तिथे एलईडी पट्टी किंवा पॅनेल बसवायचं, हे काम दिसायला दोन वायरींचं आहे. छतातून दोन वायरी खाली आलेल्या असतात, नव्या लाइटच्या पाठीमागूनही दोनच निघतात. जोडल्या की झालं, असं वाटतं. सगळं धड असेल तर खरंच तेवढंच असतं. पण त्या दोन वायरींपैकी कोणती काय करते आणि आत्ता तिच्यात वीज आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही, बटण बंद केलं म्हणूनही कळत नाही. ते तपासावंच लागतं. स्क्रू आवळण्याचा भाग सोपा आहे. म्हणून इथे जास्त जागा तपासण्याला दिली आहे.

आधी एक शंका मिटवू. हे काम घरच्या माणसाने केलं तर चालतं का? आपल्याकडच्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही अट होती आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या नियमांतही ती आली. मात्र त्यातच एक सूट आहे: दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, फिटिंग अशा गोष्टी जशाच्या तशा बदलायला हरकत नाही, जोपर्यंत त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. म्हणजे आहे त्या पॉइंटवर जुना लाइट काढून नवा लावणं सूटमध्ये बसतं. नवा पॉइंट काढणं, भिंतीतून नवी वायर ओढणं, एका लाइटच्या जागी फॉल्स सीलिंगमध्ये आठ लाइट घेणं बसत नाही. आणि मीटरच्या पुढचं, घरातलं वायरिंग ही आपली जबाबदारी. महावितरणचा माणूस येऊन ते दुरुस्त करणार नाही.

बटण बंद केलं म्हणजे नेमकं काय बंद झालं?

इमारतीच्या मीटर रूममधून आपल्या फ्लॅटमध्ये दोन कामाच्या वायरी येतात, वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची. दाब २३० व्होल्ट. फेज दारामागच्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बॉक्समधून निघते, त्या त्या खोलीच्या स्विचबोर्डपर्यंत जाते आणि बटणात शिरते. बटणाच्या दुसऱ्या टोकापासून एक वायर पाइपातून भिंतीत वर चढते आणि स्लॅबमधून छताच्या पॉइंटला पोहोचते. न्यूट्रल मात्र बोर्डातून थेट वर जाते, मध्ये बटण नसतं.

म्हणजे नीट केलेल्या वायरिंगमध्ये बटण बंद असताना फेज खाली बोर्डातच थांबते. छतातल्या पॉइंटवर उरतात बटणाकडून आलेली निर्जीव वायर आणि न्यूट्रल. यावरूनच बरेच जण नुसतं बटण बंद करून स्टुलावर चढतात.

यात गडबड कुठे होते ते सांगतो. पहिली शक्यता, कोणीतरी कधीतरी बोर्ड बदलताना वायरी उलट्या लावल्या आणि बटण फेजऐवजी न्यूट्रलवर गेलं. तेव्हा बटण बंद केलं की लाइट विझतो, बाकी सगळं छान दिसतं, पण छतातल्या वायरीत २३० व्होल्ट तसेच उभे असतात. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लाइट बटणाप्रमाणे लागतो आणि विझतो. भाडेकरू बदलत गेलेल्या, इंटिरियरची कामं दोन-दोनदा झालेल्या फ्लॅटमध्ये हे हमखास गृहीत धरावं.

दुसरी शक्यता इन्व्हर्टरची. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो बॅटरीवर सुरू होतो. इन्व्हर्टरवर घेतलेले पॉइंट बहुतेक वेळा हॉलचा एक लाइट, एक पंखा असेच असतात. म्हणजे मेन बंद केल्यावर नेमका तुम्ही बदलायला घेतलेला लाइटच जिवंत राहू शकतो. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने वेगळा बंद करायचा आणि त्याचं आउटपुट बंद झाल्याची खात्री करायची. घोडबंदर रोड, खारघर या बाजूंच्या काही टॉवरमध्ये सोसायटीच्या जनरेटरवर प्रत्येक फ्लॅटमधला एखादा पॉइंट दिलेला असतो; तिथे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय त्या पॉइंटला हात लावू नये. आणि 'लाइट गेलीय, तोवर उरकून घेऊ' हे तर कधीच नको. गेलेली वीज न सांगता येते.

तिसरी गोष्ट न्यूट्रलची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण न्यूट्रलला कोणी घाबरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल एका लाइटच्या पॉइंटवरून पुढच्या लाइटला नेलेली असते. हॉलच्या पॉइंटवर ती येते आणि तिथून पॅसेजच्या लाइटला जाते. पॅसेजचा लाइट चालू असताना तुम्ही हॉलच्या पॉइंटवरचा न्यूट्रलचा जोड सोडवलात, तर पुढे जाणारं टोक लोंबकळत राहतं. त्या टोकावर पॅसेजच्या दिव्यातून फिरून आलेला फेजचा दाब असतो. काळी वायर, जिला आयुष्यभर निरुपद्रवी समजलो, ती तेव्हा झटका देते. म्हणून बटण पुरेसं नाही, त्या खोलीचा एमसीबीही पुरेसा नाही. सलग वायरिंगचा नकाशा कुणाकडेच नसतो. अख्ख्या फ्लॅटचा मेन पाडायचा. फ्रिज अर्धा तास बंद राहिला तर काही होत नाही.

मेन पाडताना तो कसला आहे तेही बघा. दोन खटके जोडलेला रुंद स्विच असेल तर तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. एकेरी, अरुंद एमसीबी फक्त एक वायर तोडतो. त्यात जर फेज-न्यूट्रल उलट असतील तर एमसीबी पाडूनही फेज घरात तशीच फिरते. हे ऐकून घाबरून जायचं कारण नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे पाडल्यानंतर टेस्टर लावून बघणं.

मेन पाडल्यावर त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरात सगळ्यांना सांगा. आजी टीव्ही बंद का झाला म्हणून उठतात आणि खटका वर करतात, असं होऊ शकतं.

रंगांचं काय?

आपल्याकडची जुनी पद्धत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पण इमारतीला येणारा पुरवठा तीन फेजचा असतो. त्यांचे रंग लाल, पिवळा आणि निळा. फ्लॅट या तीन फेजवर वाटलेले असतात. तुमचा फ्लॅट निळ्या फेजवर असेल आणि वायरमन शिस्तीचा असेल, तर तुमच्या घरात फेजची वायर निळी असू शकते.

आता दुकानातून आणलेला लाइट उघडा. अनेक फिटिंगच्या वायरी परदेशी पद्धतीच्या असतात: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे छतातली निळी फेज आणि लाइटची निळी न्यूट्रल. निळ्याला निळी जोडावी असं कोणालाही वाटेल. रंग जुळवून वायरी जोडण्याची सवय इथे फसते. काही स्वस्त ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीच्या) तर दोन्ही वायरी पांढऱ्या असतात, आणि वायरिंग करताना बंडल संपलं म्हणून वायरमनने हाताला लागेल तो रंग ओढलेला असतो, ते वेगळंच. रंग हा फक्त अंदाज. निर्णय टेस्टरचा.

टेस्टर कधी खोटं बोलतो

पेचकसासारखा दिसणारा, आत लहान दिवा असलेला टेस्टर जवळपास प्रत्येक घरात असतो. त्याच्या आत मोठा रोध असतो, साधारण १० लाख ओहमचा. टोक फेजला लागलं आणि मागच्या टोपीला बोट लागलं, की अत्यंत कमी करंट तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. तो करंट मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून जाणवत नाही.

इथेच त्याची मर्यादाही आहे. दिवा पेटायला तुमचं अंग जमिनीशी थोडंतरी जोडलेलं हवं. कोरड्या लाकडी घोड्यावर, जाड रबरी तळाची चप्पल घालून उभे असाल तर फेज असूनही दिवा इतका मंद पेटतो की दुपारच्या उजेडात दिसत नाही. 'टेस्टर पेटला नाही' म्हणजे 'वीज नाही' असं होत नाही. उलटही घडतं. एकाच पाइपात शेजारून जिवंत वायर गेली असेल, तर लोंबकळणाऱ्या बंद वायरीवरही टेस्टर पुसटसा चमकतो.

मग करायचं काय? टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून तो पेटतो हे बघायचं. मग छतातल्या वायरींना लावायचा, तळहाताने आडोसा करून. आणि पुन्हा एकदा कुठल्यातरी जिवंत जागी लावून तो अजून चालतोय हे बघायचं. मेन पाडलेला असताना घरात जिवंत सॉकेट कुठून आणायचं, तर जिन्यातलं किंवा शेजाऱ्यांचं. हा खटाटोप वाटेल, पण बिघडलेला टेस्टर आणि वीज नसलेली वायर दिसायला अगदी सारखी असतात. जमलं तर साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट, हे निरोगी घराचं लक्षण. तरंगणाऱ्या वायरीवर ४०, ७० असे विचित्र आकडे आले तर ते बहुधा शेजारच्या वायरीच्या प्रभावाने आलेले असतात. तरी मेन पाडलेला असताना असे आकडे येत असतील, तर घरात अजून कुठूनतरी वीज येते आहे असंच समजायचं आणि ती कुठून ते आधी शोधायचं.

झाकण उघडल्यावर

दिवसा काम करा. घोडा किंवा शिडी लाकडी वा फायबरची असावी. ॲल्युमिनियमची शिडी या कामाला नको. खाली एक माणूस शिडी धरून हवाच. विजेच्या अशा कामात पुष्कळदा झटक्यापेक्षा झटक्याने दचकून खाली पडल्याने जास्त लागतं.

जुनी ट्यूबपट्टी आधी नळी फिरवून काढा, मग पट्टीचं झाकण. आत चोक, स्टार्टर आणि वायरींचा गुंता दिसेल. तो पट्टीचा अंतर्गत कारभार आहे, त्यात शिरायचं कारण नाही. छतातून पट्टीत शिरणाऱ्या वायरी जिथे संपतात ती छोटी कनेक्टरची पट्टी शोधा. सोडवण्याआधी मोबाइलने फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी.

आता छताच्या भोकातून आलेल्या वायरी नीट बघा. घाई करू नका, पुढचं सगळं इथे ठरतं. वाशी, नेरूळ, सानपाड्याच्या जुन्या सिडको इमारतींत किंवा ठाण्यात नौपाडा, कोपरीकडच्या जुन्या घरांत वायरीचं आवरण उष्णतेने कडक झालेलं असतं. बोटाने जरा वाकवलं की तडा जातो आणि पापुद्र्यासारखं गळून पडतं. तांब्याच्या टोकावर हिरवट थर दिसला तर तिथे ओल पोहोचते आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत हा थर लवकर धरतो; आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती असेल तर पाणी स्लॅबमधल्या पाइपातून वाहत येऊन नेमकं लाइटच्या पॉइंटवर टपकतं. पॉइंटभोवती तपकिरी वर्तुळ, फुगलेला रंग किंवा पाइपाच्या तोंडाशी गंज दिसत असेल तर लाइट बदलायचा विचार तिथेच थांबवा. आधी गळती काढा, मग वायर बदला, लाइट सर्वांत शेवटी. पावसाळ्यात हे अधिक खरं.

टोक खरवडल्यावर आतली धातू तांबूस न दिसता रुपेरी दिसली तर ती ॲल्युमिनियमची वायर असू शकते. जुन्या काळी घरांत ती सर्रास वापरत. ॲल्युमिनियम दोन-चार वेळा वाकवलं की तुटतं, स्क्रूखाली दबून हळूहळू सैल पडतं, आणि तांब्याच्या वायरीला थेट पिळून जोडलं की दमट हवेत जोड खराब होतो. काही जुन्या तांब्याच्या तारांवरही कथिलाचा रुपेरी मुलामा असतो, म्हणून एकदा खरवडून खात्री करा. ॲल्युमिनियम निघालं तर वायरमनला बोलवा. घरभर तीच वायर असणार, आणि ती बदलण्याचं काम नव्या लाइटपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

भोकातून दोनऐवजी तीन-चार वायरी आल्या असतील तर त्यातली एखादी पुढच्या पॉइंटला जात असते, किंवा पंख्याची असते. कुठल्या दोन एकत्र पिळलेल्या होत्या हे फोटोत पक्कं असलं पाहिजे. त्या गुंफलेल्या जोड्या तशाच ठेवायच्या.

कोणती वायर कोणती

अनेक एलईडी लाइट फेज-न्यूट्रल उलट लावले तरी पेटतात, म्हणून लोक ही पायरी गाळतात. मी गाळू नका म्हणतो, कारण बटण फेजवर आहे की नाही हे कळण्याची हीच संधी असते.

मेन बंदच ठेवून जुना लाइट सोडवा. छतातल्या वायरींची टोकं एकमेकींपासून दूर करा आणि प्रत्येक टोक कनेक्टरच्या वेगवेगळ्या खाचेत घालून स्क्रू आवळा, म्हणजे उघडं तांबं कुठेच राहत नाही. ज्या वायरी आधी एकत्र होत्या त्या एकाच खाचेत जातील. खाली उतरा. मेन चालू करा, लाइटचं बटण चालू करा. पुन्हा चढून, दुसरा हात कशालाही न टेकवता, टेस्टरचं टोक कनेक्टरच्या स्क्रूला लावा.

बटण चालू असताना एका वायरीवर दिवा पेटायला हवा आणि दुसरीवर नाही. पेटला ती बटणाकडून आलेली फेज. मग खाली कोणालातरी बटण बंद करायला सांगा. आता दोन्ही वायरींवर अंधार हवा. इतकं जुळलं तर तुमचं वायरिंग या पॉइंटपुरतं सरळ आहे.

बटण बंद असतानाही एक वायर ठळक पेटत असेल तर बटण न्यूट्रलवर आहे. हे छतात दुरुस्त होत नाही, स्विचबोर्डात होतं, आणि ते वायरमनचं काम. दोन्ही वायरींवर टेस्टर पेटत असेल तर न्यूट्रल कुठेतरी तुटलेली किंवा सैल आहे. हे लक्षण दिसलं तर लाइट राहू दे, मेन पाडा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. तुटलेली न्यूट्रल इमारतीच्या मुख्य लाइनमध्ये असेल तर काही फ्लॅटमध्ये दाब २३० च्या कितीतरी वर जातो आणि फ्रिज, टीव्ही, राउटर एका झटक्यात जातात.

तपासणी झाली की फेजवर टेपचा तुकडा लावून ठेवा, मेन पुन्हा पाडा, टेस्टरने पुन्हा खात्री करा. हे दोनदा करणं कंटाळवाणं आहे, पण चढून काम करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असताना कंटाळा बाजूला ठेवावा.

अर्थिंग नसेल तर

नव्या लाइटचं अंग धातूचं असेल तर त्याला अर्थची वायर हवीच. आत फेज सैल होऊन पत्र्याला लागली तर अर्थच्या वाटेने करंट निघून जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पडणारा स्विच) पडतो. अर्थ नसेल तर पत्रा जिवंत होऊन गप्प बसतो आणि दिवाळीत झाड-पूस करताना कोणाचातरी ओला हात लागतो.

अडचण अशी की आपल्याकडच्या जुन्या लाइटच्या पॉइंटला बहुतेक वेळा अर्थ दिलेलीच नसते. सॉकेटला असते, छताला नसते. अशा वेळी दोन प्रामाणिक पर्याय आहेत. वायरमनकडून पाइपातून हिरवी वायर ओढून घ्या. किंवा दुहेरी आवरणाचा, प्लॅस्टिकच्या अंगाचा लाइट विकत घ्या. त्याच्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह छापलेलं असतं आणि त्याला अर्थ लागत नाही. दुकानात उभे असतानाच हे बघा, घरी आल्यावर नाही. लाइटची अर्थ न्यूट्रललाच जोडून देणं हा तिसरा 'पर्याय' काही जण सुचवतात. तो धोकादायक आहे: न्यूट्रल कुठे तुटली की लाइटचा पत्रा थेट फेजवर येतो.

एमसीबी आहे म्हणजे झटक्यापासून संरक्षण आहे, हा समज फार पसरलेला आहे. लाइटच्या लाइनवरचा एमसीबी साधारण ६ अँपिअरचा. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट गेला तर जीव धोक्यात येऊ शकतो. ६ अँपिअर त्याच्या २०० पट. माणसातून जाणारा करंट एमसीबीला जाणवतही नाही. तो वायर वाचवायला आहे. माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे वाटेत कुणाच्यातरी अंगातून गळला, की तो क्षणार्धात पडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. पडत नसेल तर तो नसल्यासारखाच. आणि जुन्या घरात आरसीसीबी नसेल, तर नव्या झुंबराआधी तो बसवून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवणं आणि जोडणं

लाइट धरणार कशात, हे आधी ठरवा. हलकी पट्टी किंवा छोटं पॅनेल स्लॅबमध्ये ड्रिल करून रावल प्लगवर बसतं. ड्रिल पॉइंटच्या अगदी जवळ मारू नका. पाइप भोकापासून स्लॅबमधून कुठल्याही दिशेला तिरपे गेलेले असू शकतात, भिंतीतल्यासारखे सरळ उभे-आडवे नाही. वजनदार झुंबर पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कधीही टांगू नका. त्याला स्लॅबमधला हूक किंवा स्लॅबपर्यंत गेलेला बोल्ट लागतो. वजन वायरीवर तर कणभरही येता कामा नये.

जोड कनेक्टरनेच करा. वायर पिळून वरून काळी टेप गुंडाळण्याची पद्धत अजून चालते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात छताजवळ टेपचा डिंक वितळतो आणि काही वर्षांनी टेप आपोआप उलगडते. आवरण सेंटिमीटरभर सोला, तार कापली जाणार नाही अशा बेताने. लाइटच्या वायरी बारीक असतात, छतातल्या जाड. बारीक तारा पिळून दुमडून दुप्पट करा म्हणजे स्क्रूच्या पकडीत येतात. स्क्रू आवरणावर नाही, तांब्यावर बसला पाहिजे. मग प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघा. जी निसटते ती आत्ताच निसटू दे.

१५ वॅटचा एलईडी लाइट साधारण एक दशांश अँपिअर घेतो, मग सैल जोडाने असं काय बिघडतं, असं कोणी विचारेल. त्या लाइटपुरतं पाहिलं तर लुकलुकणं आणि ड्रायव्हर लवकर जाणं, एवढंच. पण त्याच जोडावरून पुढचे पॉइंट गेलेले असतील तर त्या सगळ्यांचा करंट त्या एका स्क्रूमधून जातो, आणि करंट दुप्पट झाला की जोडातली उष्णता चौपट होते. करपलेले जोड बहुतेक अशाच जागी सापडतात.

पॅनेल लाइटला वेगळी छोटी डबी असते, तो ड्रायव्हर. त्याच्या एका बाजूला २३० व्होल्टच्या वायरी जातात, दुसऱ्या बाजूने पॅनेलला लागणारा डीसी निघतो, त्याला सहसा छोटा प्लग असतो. छतातल्या वायरी चुकून डीसीच्या बाजूला जोडल्या किंवा ड्रायव्हर टाळून थेट पॅनेलला दिल्या, तर पॅनेल त्या क्षणी जळतं. डबीवर छापलेलं वाचा, ते बारीक असतं पण असतं. फॉल्स सीलिंगच्या वर ड्रायव्हर ठेवताना तो पुठ्ठा, थर्माकोल किंवा गुंडाळलेल्या वायरींच्या गठ्ठ्यावर टेकवू नका. त्याला हवा लागते.

मेन वर करा, आधी आरसीसीबी, मग एकेक एमसीबी, मग बटण. लाइट लागताच काही पडलं तर पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. कुठेतरी तांबं पत्र्याला टेकलंय किंवा न्यूट्रल-अर्थ एकत्र झाल्यात.

बटण बंद, तरी लाइट पुसट जळतो

नवा एलईडी लावल्यावर ही तक्रार फार येते. रात्री खोली अंधारी केली की लाइट चांदण्यासारखा मिणमिणतो किंवा मधूनच चमकतो. जुनी ट्यूब तसं करत नव्हती, कारण तिला पेटायला जास्त दम लागायचा. एलईडीला अगदी नगण्य करंटही पुरतो. कारणं तीन. बटणात लाल सूचक दिवा असेल तर त्याच्यातून थोडा करंट लाइटकडे झिरपतो. साधं बटण लावलं की प्रश्न मिटतो. पाइपात लांबवर जिवंत वायर शेजारून गेली असेल तर तिच्या प्रभावानेही असं होतं, आणि ते निरुपद्रवी असतं. तिसरं कारण म्हणजे बटण न्यूट्रलवर असणं. वर सांगितलेली तपासणी केली असेल तर ते तुम्हाला आधीच कळलेलं असेल. केली नसेल तर आता करा, कारण हे तिसरं निरुपद्रवी नाही.

काढलेली जुनी ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तिच्यात थोडा पारा असतो आणि घंटागाडीत ती फुटणारच. नव्या लाइटच्या खोक्यात घालून ई-कचरा संकलनात द्या. हातातून फुटलीच तर पंखा बंद करून खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा आणि तुकडे झाडूने किंवा व्हॅक्यूमने न उडवता जाड कागदाने गोळा करा.